मदत हवी आहे: धावपटू मुलीच्या दिसण्यावरून होणाऱ्या टोमण्यांना काय उत्तर द्यावे?

माझी १४ वर्षांची भाची २०० मीटर धावते. केस बारीक कापलेले, खांदे भरलेले आणि ओठांवर थोडी लव, एवढ्यावरून नातेवाइकांपासून स्पर्धेला आलेल्या पालकांपर्यंत अनेकजण 'ही नक्की मुलगीच ना?' असे तिच्यादेखत विचारतात. आजी दर रविवारी तिला बेसन-हळद लावायला बसवते; त्यामागे माया आहे हे कळत असल्यामुळेच आजीला अडवणे अवघड जाते.

मी भाचीला भारतीय धावपटू द्युती चंद यांची हकिकत सांगितली: शरीरातील टेस्टोस्टेरॉनच्या (पुरुषांमध्ये अधिक असणाऱ्या संप्रेरकाच्या) प्रमाणावरून २०१४ मध्ये त्यांना राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले, त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये महिला धावपटूंना टेस्टोस्टेरॉनची मर्यादा घालणारा तो नियम स्थगित झाला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १०० व २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली. त्यावर तिने विचारले, "म्हणजे माझीही तपासणी करतील?" धीर देण्याचा माझा प्रयत्न असा उलटला, आणि आता ती सरावाला जायलाच टाळाटाळ करते.

खेळणाऱ्या मुलींच्या पालकांनी कृपया सांगावे: अशा प्रश्नाला मुलीसमोरच आपण काय उत्तर दिलेत, आणि प्रशिक्षकांकडे हा विषय कसा काढलात? लव काढण्याचे उपाय मात्र सुचवू नयेत. ते सांगणारे घरात पुरेसे आहेत.