आयबीएस: कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. नक्की कुठला डाएट धरायचा?

आठबाराची_फास्ट
नमस्कार मंडळी, वय ३४, डोंबिवली. आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्या नॉर्मल येऊनही पोट बिघडत राहतं तो आजार) निदान झालंय, रक्त, थायरॉईड, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारा आजार), सोनोग्राफी सगळं नॉर्मल. प्रॉब्लेम असा की पोट एका बाजूला राहतच नाही. काही दिवस चहा पोटात गेला की धावपळ, लोकलमध्ये संडास नाही त्यामुळे ठाणं येईपर्यंत अर्धा जीव जातो, म्हणून जुलाब थांबायची गोळी घेतो, मग दोन-तीन दिवस काहीच नाही, पोट डब्ब, मग रात्री चूर्ण, की परत पहिल्यापासून सुरू. जुलाबवाल्यांचा डाएट वेगळा, बद्धकोष्ठवाल्यांचा वेगळा, मी कुठल्या रांगेत उभं राहू? बायको म्हणते सगळं डोक्यात आहे.

भाकरतुकडा
रोज रात्री त्रिफळा आणि कोमट पाणी. आमच्या काकांना मस्त फरक पडला.

कांदेनवमी
@भाकरतुकडा काकांना फक्त बद्धकोष्ठ असेल हो, यांना उद्या सकाळी ८:१२ पकडायचीय!
दादा, तुम्ही तिसऱ्या रांगेतले, मीपण तिथलीच. याला आयबीएस-एम म्हणतात, म्हणजे मिक्स्ड. पण तो प्रकार ठरवताना गोळी-चूर्ण चालू नसताना काय होतं ते बघतात, आणि तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की निम्मा झोका त्या दोघांचाच आहे. डॉक्टरांना विचारून दोन्ही जरा मागे घेता येतील का बघा, आणि ब्रिस्टल चार्टचा (शौच किती घट्ट-पातळ ते दाखवणारा तक्ता, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी) १ ते ७ नंबर रोज मोबाईलमध्ये टाका. एका दिवसावर औषध ठरवायचं नाही, दोन-तीन आठवडे काय चाललंय ते बघायचं.

इसबगोल दोन्हीकडे चालतो, तो पाणी धरून ठेवतो त्यामुळे घट्ट असेल तर मऊ होते आणि पातळ असेल तर बांधून येते. अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, पेलाभर पाण्यात, एकदम जास्त घेतलात तर गॅसने हैराण व्हाल. गव्हाचा कोंडा नको, त्याने बऱ्याच जणांचं वाढतं.

खाण्याचं म्हणाल तर मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीचा लो फॉडमॅप डाएट, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबून गॅस करणाऱ्या साखरा कमी करायच्या. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर, दूध, आंबा, सफरचंद बंद, तांदूळ, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, भेंडी, पपई चालू. हे २ ते ६ आठवडेच हं, जन्मभर नाही, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा (लोक हा भाग गाळतात आणि वर्षभर वरणभातावर राहतात). लसणातलं जे त्रास देतं ते पाण्यात उतरतं, तेलात नाही, म्हणून पाकळ्या तेलात लाल करून काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी द्या, वास तोच. रश्श्यात शिजलेला लसूण मात्र नंतर वेचून उपयोग नाही. हिंग बिनधास्त. मी चातुर्मासात सुरू केलं, घरात कोणी एक प्रश्न विचारला नाही 😄 हॉटेलात 'जैन' सांगते, पण मैदा आणि काजूची ग्रेव्ही त्यातही असतेच.

डबा_घरचाच
पेशाने डाएटिशियन आहे. कांदेनवमीताईंचं बरोबर आहे, फक्त फॉडमॅप एकट्याने करू नका, वजन कमी असेल तर तर नाहीच. आणि वहिनींना सांगा, आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोप चालू असतात, त्यामुळे टेन्शनने वाढतं हे खरं, पण दुखणं खोटं नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली मोठी ट्रायल झाली, त्यात अॅमिट्रिप्टिलीन (मुळात नैराश्यावरचं जुनं औषध) अगदी कमी डोसमध्ये दिल्यावर आयबीएसच्या लोकांना आराम पडला. डॉक्टरांकडे विषय काढा, स्वतः आणून घेऊ नका, त्याने बद्धकोष्ठ होऊ शकतं.
रक्त पडणं, वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काही असेल तर हा धागा बंद करा आणि सरळ पोटाच्या स्पेशालिस्टकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा असतो. कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते सांगणारी शौचाची तपासणी) केली नसेल तर विचारा.

आठबाराची_फास्ट
यातलं काही नाही, कॅलप्रोटेक्टिन विचारतो. चहाचं काय करू?

कांदेनवमी
खाल्ल्या-प्यायल्यावर आतडं हलतं ते सगळ्यांचंच, आपलं जरा जास्त. चहा-नाश्ता तासभर आधी उरका, जे व्हायचं ते घरीच होऊ दे. बिनदुधाचा घेऊन बघा.

आठबाराची_फास्ट
बिनदुधाचा 😭 बरं. आणि गुरुवारचा उपास? साबुदाणा चालतो?

डबा_घरचाच
साबुदाणा, दाणे चालतात. तूप आणि हिरवी मिरची बेताने, आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी एकदम ताटभर खिचडी नको.