शब्दचर्चा : 'बायल्या', 'समलिंगी', 'होमोफोबिया' – मैदानावरच्या हिणवण्याला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची नियमावली मराठीत करायचं काम गळ्यात पडलंय. 'जात, धर्म, वर्ण, प्रांत यांवरून खेळाडूला हिणवल्यास कारवाई' इथवर गाडी सुरळीत आली. फिफाच्या तरतुदीत मात्र पुढं लैंगिक ओढीवरून होणारा भेदभावही आहे. मी 'लैंगिक कल' लिहिलं, तर समितीतले एक सर म्हणाले, "हा कल दहावीच्या कलचाचणीतला का?" सगळे हसले आणि तो शब्दच कागदावरून उडाला. मला तो परत आणायचाय. शिवाय 'होमोफोबिया'ला नेमका शब्द हवा. समलिंगीद्वेष, समलिंगी-भयगंड, समलैंगिकताविरोध असे तीन सापडले. कुठला घ्यावा?

शब्दवेल्हाळ (वाई)
विश्वकोशाच्या गावात राहतो, तेव्हा तोंड उघडणं भाग आहे.

'भयगंड' नको. फोबिया म्हटलं की आपण भय शोधायला जातो, कारण उंचीचा भयगंड, पाण्याचा जलसंत्रास अशी सवय आहे. जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात हा शब्द रूढ केला तेव्हा त्याच्या मनात खरोखरच भीती होती, समलिंगी माणसाच्या जवळ असण्याची. पण आज इंग्रजीतही तो शब्द द्वेष आणि तुच्छता याच अर्थानं चालतो. उंचीला घाबरणारा माणूस गच्चीवर जात नाही; तो गच्चीला शिव्या देत नाही. म्हणून 'समलिंगीद्वेष'. आणि 'समलैंगिक' की 'समलिंगी' या वादात पडू नका, सुटसुटीत तो घ्या.

पंचमामा (मिरज)
तुम्ही दोघं कोशात बसलाय. शिट्टी माझ्या तोंडात असते, म्हणून मैदानावर काय ऐकू येतं ते सांगतो. 'समलिंगी' हा शब्द मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. ऐकू येतं ते 'बायल्या', 'छक्का' आणि 'बांगड्या भर'. गेल्या पावसाळ्यात एका सामन्यात मैदानाच्या मध्यावर घोट्याएवढा चिखल होता. डाव्या बाजूचा पोरगा समोरच्याचे बूट वर आलेले बघून टॅकलमधून बाजूला झाला. अगदी बरोबर केलं त्यानं, नाहीतर नडगी गेली असती. तर बाहेरून आवाज, "आरं, बांगड्या भरल्यात का हातात, बायल्या!" ओरडणारा त्याचाच कोच. पोरानं पुढच्याच चेंडूवर डोळे मिटून उडी घातली आणि पिवळं कार्ड खाल्लं. कार्ड दाखवणारा मीच.

आता सांगा, ह्यात समलिंगीद्वेष कुठं आणि कसा पकडू?

शाहूपुरी_०७ (सातारा)
काय राव, उगाच बाऊ करताय. शिवी हासडल्याशिवाय आमच्यात पास मिळत नाही. बायल्या म्हणजे भित्रा, बस्स. कोण कुणाबरोबर झोपतो हा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यातही नसतो.

शब्दवेल्हाळ (वाई)
अर्थाबद्दल शाहूपुरीकर बरोबर आहेत. शब्द 'बाईल'वरनं आला. बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला जुन्या मराठीत बाईलबुद्ध्या म्हणत. म्हणजे मुळात शिवी बाईला आहे, पुरुषाला ती फक्त चिकटवलेली. समलिंगी माणूस त्यात नंतर ओढला गेला, कारण 'पुरुषासारखा पुरुष नाही' या एकाच डब्यात आपण सगळ्यांना कोंबतो.

हळदपेठ (सांगली)
पण 'डोक्यात नसतो' या बचावाचं काय होतं ते बघा. मेक्सिकोचे प्रेक्षक समोरच्या गोलकीपरनं गोलकिक मारली की 'पुतो' (पुरुष वेश्या, समलिंगी पुरुषाला हिणवायची स्पॅनिश शिवी) असं एका सुरात ओरडतात. त्यांचंही म्हणणं हेच, की ही मजा आहे, त्याचा समलिंगींशी संबंध नाही. फिफानं वर्षानुवर्षं दंड ठोकले, हाळी थांबली नाही. जून २०२३ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेविरुद्धचा सामना पंचांनी भरपाईची वेळ पुरी व्हायच्या आत संपवून टाकला. इंग्लंडमध्ये चेल्सी क्लबच्या लोकांना 'रेंट बॉय' (पैसे घेऊन पुरुषांबरोबर झोपणारा पोरगा) म्हणून डिवचायची जुनी खोड होती. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारी अभियोग यंत्रणेनं जाहीर केलं की ही हाळी द्वेषमूलक गुन्हा धरता येईल.

आणि ग्रॅम ल सो. पंचमामा, हा तुमच्यासाठी आहे. चेल्सीचा हा डावा बचावपटू समलिंगी नव्हताच. १९९१च्या उन्हाळ्यात तो संघातल्या मित्राबरोबर सुट्टीला गेला, गार्डियन वाचायचा, इतर खेळाडूंसारखी मौज करत फिरायचा नाही. एवढ्यावर ड्रेसिंगरूममध्ये शिक्का बसला आणि पुढं अख्खी स्टेडियमं ओरडायला लागली. फेब्रुवारी १९९९ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरनं भर सामन्यात त्याच्याकडं पाठ करून, वाकून, ढुंगण पुढं केलं. ल सो फ्रीकिक घ्यायला तयार होईना. पंचांनी पिवळं कार्ड कुणाला दाखवलं? ल सोला, वेळ काढतो म्हणून! फाउलरवर दोन सामन्यांची बंदी आली ती नंतर. म्हणजे मिरजेत तुम्ही दाखवलेल्या कार्डाचा थोरला भाऊ तिकडं होता.

समलिंगी नसलेल्याचं हे, तर असलेल्यानं तोंड कसं उघडावं? इंग्लंडच्या जस्टिन फाशानूनं १९९० मध्ये उघडलं. १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो. सख्ख्या भावानं जाहीरपणे झिडकारलं आणि १९९८ मध्ये त्यानं जीव दिला. ब्रिटनमध्ये खेळत असताना असं सांगणारा पुढचा व्यावसायिक पुरुष खेळाडू म्हणजे ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स. साल २०२२. मध्ये बत्तीस वर्षं गेली. जर्मनीचा हिट्झल्सपर्गर ५२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, पण बोलला तो बूट खुंटीला टांगल्यावर, २०१४ मध्ये.

अनामिक (सातारा जिल्हा)
पहिल्यांदाच लिहितोय. मी गे आहे आणि अजून खेळतो, गोलकीपर आहे. मला कुणी कधी बायल्या म्हटलेलं नाही, कारण अंगानं दांडगा आहे आणि आवाज मोठा. म्हणतात ते आमच्या बारक्या विंगरला. त्याचं मागच्या वर्षी लग्न झालं, बायकोला मॅच बघायला आणतो, तरी म्हणतात. मी बघत बसतो. हसतोही कधीकधी, नाही हसलं तर लक्ष माझ्याकडं जाईल म्हणून. तो हसण्याचा भाग मला सगळ्यात जड जातो.

शब्दाचं विचाराल तर 'गे' चालतं, 'समलिंगी' चालतं. 'समलैंगिक' वाचलं की पंचनाम्यात नाव आल्यासारखं वाटतं. २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतंच की. समलिंगींसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं 'समपथिक' हा शब्द नावात घेतला, तो कानाला फार बरा वाटतो, पण नियमावलीत कुणाला कळणार?

शाहूपुरी_०७ (सातारा)
भावा, वाचलं. 'बाऊ करताय' म्हटलं ते तुझ्याकडं बघून नव्हतं. शिवीचं मी परत बोलत नाही.

पारावरून (तासगाव)
मुलींच्या फुटबॉलचं कुणी बोललं नाही. तिथं उलटं गणित. अमेरिकेची मेगन रॅपिनो आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगून विश्वचषक जिंकली, तिच्यासारख्या कितीतरी आहेत. पण आपल्याकडं केस बारीक कापलेल्या पोरीला 'पुरुषी' म्हणून टोमणे बसतात आणि घरचे खेळ सोडवतात. नियमात तेही बसलं पाहिजे.

हळदपेठ (सांगली)
माझं मत, 'समलिंगीद्वेष' लेखात ठेवा, नियमात नको. द्वेष मनातला, पंचाला मन दिसत नाही, आवाज ऐकू येतो. मराठीत क्रियापदं मुबलक आहेत : हिणवणे, चिडवणे, डिवचणे. नियमाला तीच लागतात. फुटबॉलच्या बाराव्या नियमात अपमानकारक, शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहेच, तुम्ही फक्त ती भाषा कशाला म्हणायचं ते उघड लिहा. शिव्या नावानिशी छापा.

कृष्णाकाठ (सांगली)
मसुदा असा केलाय :

'खेळाडू समलिंगी आहे असे समजून, अथवा तो पुरेसा पुरुष नाही किंवा ती पुरेशी बाई नाही असे सुचवून हिणवल्यास (उदा. बायल्या, छक्का, हिजडा, बांगड्या भर, पुरुषी) ती अपमानकारक भाषा मानून बाहेर काढण्यात येईल. समोरचा खरोखर समलिंगी आहे की नाही, याचा विचार केला जाणार नाही.'

शेवटचं वाक्य ल सोमुळं आलं. 'लैंगिक कल' वरच्या यादीत जातीधर्माच्या शेजारी घातलाय. कलचाचणीवाल्या सरांना काय हसायचं ते हसू दे.

शब्दवेल्हाळ (वाई)
'हिजडा' यादीत टाकताना जपून. ती एका समाजाची ओळखही आहे. 'शिवी म्हणून वापरल्यास' हे शब्द घाला.

पंचमामा (मिरज)
आणि 'बाहेर काढण्यात येईल'च्या आधी 'खेळाडू, प्रशिक्षक, पालक' असं तिघांचं नाव घाला. नुसतं खेळाडू लिहिलंत तर माझ्या सामन्यात ओरडणारा एकही माणूस त्यात सापडायचा नाही.