सल्ला हवा: एजंट चुकीचं टूल उचलतो, वर्णनं कशी लिहावीत?

आंबेवाली_कोथरूड
नमस्कार. आम्ही दोघं कोथरूडहून हापूस घरपोच देतो. सीझनला व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा नवऱ्याने एआय एजंट बांधला, म्हणजे मेसेज वाचून स्वतः उत्तर देणारा आणि ऑर्डरची कामं करणारा प्रोग्राम. त्याला वापरायला दिलेली टूल्स (ठरावीक कामाचे छोटे प्रोग्राम) तीन: गेट_ऑर्डर, सर्च_ऑर्डर, अपडेट_डिलिव्हरी. वर्णनं एकेका ओळीची, "ऑर्डरची माहिती देते", "ऑर्डर शोधते" अशी.

नारायण पेठेतल्या एका काकूंनी लिहिलं, "परवाची पेटी अजून आली नाही." एजंटने डिलिव्हरीची तारीख दोन दिवस पुढे ढकलली आणि "तुमची पेटी वेळेवर येईल" असं कळवून मोकळा झाला. काकूंकडचे पाहुणे आमरसाविना जेवून गेले. मला फार लागलं ते. एजंटमागचं एआय मॉडेल महागातलं घ्यावं की टूल्सची वर्णनं सुधारावीत?

सिंहगडरोड_२२
ताई, मॉडेल राहू द्या, आधी वर्णनं. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला भरून द्यायची माहिती, जसं तारीख), एवढंच त्याच्यापुढे असतं. गेट आणि सर्च यांतला फरक तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात आहे, तो लिहिलेला कुठेच नाही. मी गेट_ऑर्डरसाठी असं लिहीन:

"ऑर्डर नंबर हाताशी असेल तेव्हाच वापरावं. नसेल तर मोबाईल नंबर घेऊन सर्च_ऑर्डर वापरावं. पेट्या, पत्ता आणि ठरलेली तारीख मिळते. पैसे जमा झाले का, हे यातून कळत नाही. या टूलने ऑर्डरमध्ये काहीही बदलत नाही."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. काय मिळत नाही ते सांगितलं नाही की मॉडेल अंदाजाने उत्तर देतं. क्लॉड हे एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या डेव्हलपर मार्गदर्शनातही दर टूलला किमान ३-४ वाक्यं लिहा असंच सांगितलंय.

बाणेर_बॅकएंड
मूळ घोळ "परवा"चा आहे. आपल्याकडे परवा मागचाही असतो आणि पुढचाही, क्रियापदावरून उमगतो. तारखेच्या पॅरामीटरच्या वर्णनात लिहा: "वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२६-०५-०४. ग्राहक 'परवा' म्हणाला आणि मागचा की पुढचा हे वाक्यावरून कळलं नाही, तर तारीख न भरता आधी विचारावं." आजची तारीखही सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) द्या, नाहीतर कुठून मोजायचं हेच त्याला कळणार नाही.

तीच गत पेटीची. कुणाची चार डझनाची, कुणाची पाच. पॅरामीटरचं नाव "क्वांटिटी" नको, "डझन_संख्या" ठेवा. आणि भाग पिनकोडवरून ठरवू नका, ४११०३० मध्ये सदाशिव, नारायण, शनिवार तिन्ही पेठा येतात. भागांची ठरलेली यादी द्या, म्हणजे त्यातलंच एक निवडावं लागेल.

वारजे_माळवाडी
वरचं पटलं, फक्त एक भर. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. तारीख बदलण्याआधी ग्राहकाचं "हो" आलंय का, हे कोडमध्येच तपासा. टूल चुकलं तर एररही नुसता "४००" (विनंती चुकीची, एवढंच सांगणारा आकडा) देऊ नका. "ही तारीख उलटून गेली आहे, ठरलेली तारीख कोणती ते आधी गेट_ऑर्डरने बघा" असा मजकूर परत दिला, तर एजंट पुढच्या फेरीत स्वतःच सावरतो. पाल्हाळ मात्र नको, सगळी वर्णनं दर वेळी मॉडेलकडे जातात आणि टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) मोजले जातात.

बदल केलेत की जुने खरे मेसेज चालवून कुठलं टूल उचलतोय ते बघा. मनाने रचलेल्या वाक्यांवर सगळं नीटच चालतं.

आंबेवाली_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून तिन्ही वर्णनं नव्याने लिहिली आणि जुने ४० मेसेज चालवले. "परवा"वाले सगळे नीट गेले, दोन ठिकाणी त्याने थांबून विचारलंसुद्धा. काकूंच्या वाक्यात ऑर्डर नंबर नव्हता, तिथे सर्च_ऑर्डर उचललं. अडतंय ते एकाच ठिकाणी: "मागच्या वेळसारखेच पाठवा." यावर तो गोंधळतो.

सिंहगडरोड_२२
हेच वाक्य जसंच्या तसं सर्च_ऑर्डरच्या वर्णनात उदाहरण म्हणून घाला. पुढे लिहा: "सगळ्यांत अलीकडची पोचलेली ऑर्डर घ्यावी, डझन आणि पत्ता ग्राहकाला वाचून दाखवावा." नवीन टूल लागणार नाही.