वेगवेगळे विषम छेद घेऊन बेरीज बरोबर १ कशी आणायची?

प्रश्न:
प्रत्येक अपूर्णांकाचा अंश १, छेद विषम, एकही छेद परत वापरायचा नाही आणि बेरीज बरोबर १. सम छेद चालत असते तर १/२ + १/३ + १/६, झालं काम. पण विषममध्ये दोन दिवस अडकलोय. १/३, १/५, १/७, १/९, १/११, १/१३ असं मोठ्यापासून घेत गेलो, बेरीज ०.९५५ च्या आसपास आली, पुढे १/१५ घेतला की १ च्या वर जातंय म्हणून जास्तीत जास्त बसणारा १/२३ घेतला तर शिल्लक १४३८/१०३६०३५! मुळात हे होतं का? आणि कमीत कमी किती अपूर्णांक लागतात?

उत्तर १:
होतं. तुझा घोळ १३ ने केलाय. मूळ संख्या छेदात आली की ती कटायला तिच्या पटीतला अजून एक तरी छेद लागतोच, नाहीतर ती बेरजेच्या छेदात तशीच राहते. म्हणून १३ सोड आणि १५ घे. ३, ५, ७, ९, ११, १५ चा लसावि ३४६५, अंशांची बेरीज ११५५+६९३+४९५+३८५+३१५+२३१ = ३२७४, म्हणजे उरले १९१. आता हे १९१ आपल्याला ३४६५ च्या न वापरलेल्या विभाजकांतून जमवायचेत, ९९+७७+१५ बघ, बरोबर १९१! म्हणजे १/३५, १/४५, १/२३१. एकूण नऊ झाले, आणि ११ ला कापायला २३१ आपोआप आला. १६५+२१+५ नेही जमतं, मग शेवटचे तीन १/२१, १/१६५, १/६९३.

प्रश्नकर्ता:
वा, १९१ ची आयडिया फारच आवडली! पण आठमध्ये नाही का जमणार?

उत्तर २:
आठ सोड, कुठलीच सम संख्या चालणार नाही. लसावि विषम, त्याने सगळीकडे गुणलं की प्रत्येक पद विषम होतं आणि सम संख्येइतक्या विषमांची बेरीज सम येते, ती लसावि एवढी कशी होणार?
पाचांची बेरीज जास्तीत जास्त ०.८७८, तेही गेलं. राहिले सात. छेदांत १३ किंवा त्याहून मोठी मूळ संख्या आली तर तिचे दोन छेद हवेत, सगळ्यात मोठी बेरीज ३, ५, ७, ९, ११, १३, ३९ ची, ती ०.९८१. मग ११ बघ, ११ आणि ३३ सोबत ३, ५, ७, ९, १५ घेतले तर ०.९७५. उरल्या फक्त ३, ५, ७ या मूळ संख्या, तिथे ३, ५, ७, ९, १५, २१, २५ मिळून ०.९४२. कुठेच १ होत नाही, म्हणून नऊच.

उत्तर ३:
११ पण नको असेल तर ९४५ च्या विभाजकांवर खेळून बघा, छेद ३, ५, ७, ९, १५, २१, २७, ३५, ४५, १३५, ३१५. अकरा लागतात पण सगळं ३, ५, ७ मध्येच बसतं, मला तर हेच जास्त सुंदर वाटतं.