गुहा रिकामी होत नाही, दाब उतरतो

खोल चुनखडकातल्या गुहांमध्ये साठलेल्या तेलाबद्दलच्या या चर्चेत 'तेल उपसलं की गुहा पोकळ राहते, म्हणून छत बसतं' असं एकाने म्हटलंय. छत बसू शकतं हे मान्य, पण कारण पटलं नाही. तेलाच्या जागी खालून पाणी येतं, नाहीतर उरलेलं तेलच फुगून जागा भरतं. उतरतो तो दाब. चीनच्या ताहे तेलक्षेत्रातला ऑर्डोव्हिशियन (सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला) चुनखडक 5 किलोमीटरहून खोल आहे. 6 किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार साधारण 150 मेगापास्कल (1 मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दहापट), आणि तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब 60 च्या आसपास. हा द्रवाचा दाब गुहेला आतून टेकू देत असतो. तो घटला की तेवढा भार गुहेच्या भिंतींवर येतो, आणि त्याआधी बहुधा गुहांना जोडणाऱ्या भेगा मिटायला लागतात. तेलविहिरीचं उत्पादन घटतं ते पुष्कळदा या भेगांमुळे, छत शाबूत असतानाच.

चर्चेत उपशाच्या वेगाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून आमच्या मोहोळकडच्या पाण्याच्या विहिरीचं सांगतो. वरचे वीसेक फूट मुरूम, खाली काळा पाषाण. एका उन्हाळ्यात गाळ काढायचा म्हणून दोन मोटारी लावून एका रात्रीत पाणी तळाला नेलं आणि पहाटे मुरमाची अख्खी बाजू आत आली. एरवी दरसाल तीच विहीर हळूहळू आटायची, तेव्हा खडाही हलत नसे. विहिरीतलं पाणी गेलं, पण मुरमात मुरलेलं मागून रेटत राहिलं. आमचा मुरूम तसा पाणी लवकर सोडतो. गुहेभोवतीचा घट्ट चुनखडक त्याहून कितीतरी सावकाश सोडतो, त्यामुळे तिथे चोक (तेलविहिरीच्या तोंडाशी प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) एकदम उघडणं जास्तच धोक्याचं.