कचरा जाळून वीज करण्याच्या प्रकल्पाला हरकत: नेमके काय लिहावे?

प्रश्न, वेशीबाहेरचा:
आमच्या नगरपरिषदेने कचऱ्यापासून वीज तयार करणारी भट्टी प्रस्तावित केली असून पुढील महिन्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी आहे. धूर आणि दुर्गंधी एवढ्याच मुद्द्यांवर हरकत घेतली, तर अधिकारी धुराड्यावरील गाळणयंत्रणेचे चित्र दाखवून मोकळे होतील, अशी शंका वाटते. लेखी हरकतीत आणखी काय मांडावे?

जुना सभासद:
दिल्लीतील तिमारपूरपासून सुरुवात करावी. डेन्मार्कच्या तंत्राने उभारलेली, रोज ३०० टन क्षमतेची ती भट्टी १९८७ मध्ये सुरू झाली आणि कचऱ्यात जळण्यापुरती उष्णताच नसल्याने काही दिवसांतच बंद पडली. आमच्या सोसायटीचा डबा पावसाळ्यात उचलला की खालून पाणी गळते. भाजीची देठे, चहाचा चोथा, शहाळ्याच्या कवट्या, हे सारे पेटणार कसे? मग भट्टी धगधगती ठेवण्यासाठी त्यात पुठ्ठा, कागद आणि प्लास्टिक घालावे लागते, म्हणजे भंगारवाला पैसे देऊन नेतो तोच माल.

तटस्थ:
मुद्दा मान्य आहे, परंतु डायपर, सॅनिटरी पॅड आणि चिप्सची चकचकीत पाकिटे कोणता भंगारवाला घेतो? पुनर्वापर न होणारा, किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा अधिक उष्मांकाचा कचरा भरावभूमीत टाकण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती. सरसकट विरोध केल्यास सुनावणीत हाच प्रश्न विचारला जाईल.

कागदकाच:
त्याचे उत्तर क्षमतेत आहे. वर्गीकरणानंतर उरणारा कचरा आधी मोजावा आणि मगच भट्टीची गरज ठरवावी. शहराचा एकूण कचरा धरून आकडा काढला असेल तर तो गैरच म्हणावा लागेल. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगवेगळा घेते. सुका माल विकून सभासदांना उत्पन्न मिळते आणि पालिकेचा वाहतूक खर्चही वाचतो. भट्टी आली की पहिला घाला याच मालावर पडतो. माझ्या मते हरकतीचा कणा मात्र नगरपरिषद आणि भट्टी चालवणारा यांच्यातील करार असावा. रोज अमुक टन कचरा पुरवण्याची हमी आणि कमी पडल्यास दंड, असे कलम त्यात असेल, तर वर्गीकरण सुधारणे म्हणजे नगरपरिषदेने स्वतःच्या खिशाला कात्री लावणे ठरेल. डायपरसाठी एवढी मोठी भट्टी कोणी बांधत नाही.

वेशीबाहेरचा:
आभारी आहे. कराराचा मसुदा माहिती अधिकारात आजच मागवतो; प्रकल्प अहवालात वर्गीकरणानंतर उरणाऱ्या कचऱ्याचा आकडा कुठेच दिसला नाही, तेही हरकतीत पहिल्याच परिच्छेदात लिहितो.