उन्हाळा, पावसाळा, थंडी: मुंबईत तुम्ही कुठे खेळलात, काय शिकलात?

माहीमहून लिहितेय. माझ्या बहिणीची मुलगी यंदा परीक्षा संपली की महिनाभर आमच्याकडे राहायला येणार आहे. वय अकरा. गावाला तिच्या घरापुढे अंगण आहे, चिंचेचं झाड आहे, चार घरची पोरं आहेत. आमच्याकडे दीड खोली आणि एक खिडकी. परवा फोनवर तिने विचारलं, "मावशी, तिकडे खेळायचं कुठे?" आणि मला पटकन सांगता येईना. जन्म इथे गेला, तरी येईना.

मग वाटलं, तुम्हालाच विचारावं. मुंबईत घरं लहान, म्हणून आपण सगळे घराबाहेर वाढलो. मैदान, तलाव, व्यायामशाळा, बाग, चाळीची गच्ची. कुठल्या ऋतूत, कुठे, काय केलंत ते लिहा. पैसे किती लागले, रांग किती होती, हेही मोकळेपणाने सांगा. आणि एक विशेष विनंती: तिथे तुम्ही कोणामुळे टिकलात तेही लिहा. नाव नको, माणूस सांगा.

दादर, दोन मुलींची आई

तिला शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात घाला. मी आठवीच्या सुट्टीत तिथल्या शिबिराला गेले होते. सकाळी पोचेपर्यंत मातीवर पाणी मारलेलं असायचं, त्या वासाने झोप उडायची. मुलगे पुरलेल्या मल्लखांबावर, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला तो खांब. आम्ही मुली दोरीवर.

पहिले चार दिवस मला काही म्हणजे काही जमलं नाही. दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची असते. शरीराचा सगळा भार त्या चिमटीवर येतो. तिथली कातडी सोलून निघाली. आईने खोबरेल लावलं आणि म्हणाली, "उद्या नको जाऊस." मी गेले, कारण माझ्या पुढे नंबर असलेली मुलगी माझ्याहून लहान होती आणि ती रोज बोटाला चिकटपट्टी गुंडाळून यायची. शिकवणाऱ्या ताई दोरीखाली मान वर करून उभ्या राहायच्या. हात लावायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "अंगठा. अंगठा. अंगठा सोडू नकोस."

बाराव्या दिवशी दोरीची अढी, म्हणजे पायांची पकड, बसली आणि मी हात सोडले. डोकं खाली, पाय वर. पार्काचा कट्टा उलटा दिसला, त्यावर बसलेले आजोबा उलटे, नारळाची झाडं आकाशातून खाली लोंबणारी. आज पंचेचाळिशीत ते चित्र जसंच्या तसं आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कलाच झाली, तेव्हा धाकटीला घेऊन गेले होते. परदेशातली मुलं आपल्यासारखी सलामी देताना बघून गळा भरून आला. २०२४ मध्ये आमच्या व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत जुने फोटो येत होते. त्या ताई मात्र एकाही फोटोत नाहीत. त्या कायम दोरीखाली, चौकटीच्या बाहेर.

चेंबूर, वय ४९

मी मालवणची. समुद्र घराच्या मागे. भाऊ पाण्यात पडून पोहायला शिकले, आम्हा बहिणींना मात्र पायाचा घोटा भिजेल एवढंच पाणी. लग्न होऊन मुंबईत आले, मुलगा पोहायला शिकला, मी काठावर टॉवेल घेऊन बसले. शेहेचाळिसाव्या वर्षी एका मे महिन्यात पालिकेच्या तलावावर २१ दिवसांच्या शिकाऊ बॅचमध्ये नाव घातलं. जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, घरापासून चालत वीस मिनिटं. डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो, टोपी, पोशाख. पूर्ण बाह्यांचा पोशाख चालतो, हे ज्यांना संकोच वाटतो त्यांनी लक्षात ठेवा. माझा निम्मा संकोच तिथेच गेला.

पहिला आठवडा फक्त कठडा धरून. तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. ऐकायला सोपं आहे. मी तोंड घालायचे आणि छाती आवळून यायची, नाकात क्लोरीनचा झणका. शेजारी सहा वर्षांची पोरं माशासारखी. एक दिवस रडू आलं, पाण्यात ते कोणाला दिसलं नाही. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी माझा हात कठड्यावरून काढला, स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, आता माझ्याबरोबर श्वास सोडा. मी मोजते." रोज त्या मोजायच्या. चौदाव्या दिवशी मोजता मोजता त्यांनी आपला खांदा काढून घेतला होता, ते मला पाच आकडे उलटल्यावर कळलं. मी तरंगत होते.

त्या दिवाळीत माहेरी गेले आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर छातीभर पाण्यात शिरले. आई किनाऱ्यावर उभी होती. ती काही बोलली नाही, पदर डोळ्यांना लावला.

नावनोंदणी आता ऑनलाइन असते आणि जागा लवकर भरतात. तारीख लागली की त्याच दिवशी बसा.

बोरिवली, निवृत्त, वय ६३

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जगभर पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत पाऊस आला की कांगा लीग सुरू व्हायची, १९४८ पासून. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा. खेळपट्टीवर आच्छादन नाही, बाहेरचं गवत घोट्याच्या वर. फटका जोरात मारला तरी चेंडू गवतात रुतून बसायचा, म्हणून धावा पळूनच काढायच्या. ओल्या विकेटवर चेंडू कधी बसायचा, कधी उसळून हनुवटीशी यायचा. तिथे तीस धावा काढलेला पोरगा कुठेही उभा राहू शकतो, असं आमचे जुने खेळाडू म्हणत आणि ते खरं होतं.

मी आझाद मैदानावर खालच्या डिव्हिजनमध्ये सात मोसम खेळलो. एका मैदानावर बावीस खेळपट्ट्या. आपला स्लिपमधला माणूस आणि शेजारच्या सामन्यातला कव्हरचा माणूस पाठीला पाठ लावून उभे. रविवारी पहाटे बोरिवलीहून किटबॅग घेऊन लोकल पकडायची, अर्ध्या वाटेत पाऊस कोसळायला लागला तरी परत फिरायचं नाही, कारण चर्चगेटला ऊन असू शकतं.

आमच्या तंबूत एक माळी काका होते. पाऊस थांबला की गोणपाट आणि लाकडाचा भुसा घेऊन धावायचे. गुडघे टेकून, गोणपाटाने पाणी टिपून बादलीत पिळायचे. पुन्हा टिपायचे, पुन्हा पिळायचे. एका मोसमात मी आठ डावांत मिळून चाळीस धावाही केल्या नव्हत्या आणि खेळ सोडायच्या विचारात होतो. काकांनी तंबूत चहा हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्यासाठी एवढी विकेट सुकवतो, आणि तू सोडतोस होय?" पुढची चार वर्षं खेळलो.

परळ, वय ३८

आमच्या गल्लीमागे एक मैदान आहे. कुठलं ते लिहीत नाही. ऐन मे महिन्यात, पोरांना शाळा नसते तेव्हाच, ते लग्नं आणि प्रदर्शनांना दिलं जातं. मांडव काढल्यावर जमिनीत खिळे आणि काचा राहतात. माझ्या मुलाच्या तळपायाला पाच टाके पडले. मी भांडले, अर्ज दिले, उत्तर आलं नाही. आता आम्ही सात-आठ आया दर मांडवानंतर सकाळी चुंबक बांधलेली काठी घेऊन मैदान फिरतो, मगच पोरांना सोडतो. मागच्या वेळी डालडाचा अर्धा डबा खिळे निघाले. हा माझा राग आहे आणि तो जाणार नाही. मुलांच्या सुट्टीचे दिवस मैदान मुलांनाच मिळालं पाहिजे.

मूळ ना. म. जोशी मार्ग, आता विरार

वरचं वाचून माझं बालपण आठवलं. वडील गिरणीत. पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे थोडे पैसे कापले जायचे, आणि त्या निधीवर कामगार कल्याण केंद्रं चालायची. १९५३ च्या कायद्यातून उभी राहिलेली ही सोय. आमच्या पोरांच्या लेखी ते केंद्र म्हणजे कॅरम, वाचनालय, आईचा शिवणवर्ग आणि उन्हाळ्यात बालनाट्य.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी दहा वर्षांचा. एप्रिलपर्यंत घरातली भांडी विकायला लागली होती. नाटकाची नावं घ्यायचा दिवस आला तेव्हा मी गेलोच नाही, कारण पोशाखाचे पैसे आणायला सांगतील ही भीती. नाटक बसवणारे दादा, तेही संपातलेच, चाळीत मला शोधत आले. वडील खाटेवर बसलेले. दादा त्यांना म्हणाले, "पोराला राजा करतोय. पोशाख आमच्याकडे आहे." पोशाख म्हणजे कोणाच्या तरी लग्नातला जुना शालू होता, त्याचा अंगरखा केला होता. काखेत टोचायचा. जरीचे धागे घामाने अंगाला चिकटायचे.

प्रयोगाला समोर सगळे संपातले बाप बसले होते. दिवसभर घरी असलेले, काय करावं हे न कळणारे. माझे वडील तिसऱ्या रांगेत. मी राजा, मला प्रजेला धान्य वाटायचं होतं. त्या प्रसंगाला सभागृहात इतकी शांतता झाली की मी वाक्य विसरलो. विंगेतून दादांनी सांगितलं, मी बोललो. घरी परतताना वडिलांनी मला खांद्यावर घेतलं, दहा वर्षांच्या घोड्याला. त्या वर्षात त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यांची गिरणी पुन्हा कधी उघडली नाही. नाटक मी अजून करतो, हौशी, वर्षाला एक.

घाटकोपर, वय २४

मी महिला गोविंदा पथकात आहे, दुसऱ्या थराला. गुरुपौर्णिमेला नारळ फोडला की सराव सुरू, रात्री साडेनऊनंतर, कारण सगळ्या नोकरीवाल्या. लोकांना दहीहंडीचा एक दिवस दिसतो. आम्हाला दिसतात त्याआधीच्या पावसाळी रात्री, ओलसर गाद्या, खांद्यावर पायाच्या बोटांचे वळ. खालच्या थरातल्या एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. त्या म्हणतात, "वर बघायचं नाही, श्वास ऐकायचा." वरची घाबरली की तिच्या पायांतून आधी कळतं.

चौदा वर्षांखालच्या मुलींना आम्ही चढवत नाही, आणि वर जाणारीला कमरेचा दोर आणि हेल्मेट असल्याशिवाय सरावही करत नाही. थर कमी लागले तरी चालतील. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पथकं शोधणाऱ्या पालकांनी सगळ्यात आधी हेच बघावं.

लालबाग, आजोबा

थोडक्यात लिहितो. थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, राणीच्या बागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. नातवंडांना न्याच. मी दरवर्षी एक रोप आणतो. खिडकीच्या जाळीत आता चौदा कुंड्या आहेत. प्रदर्शन बघून झालं की बागेतली गोरखचिंच दाखवा. तिच्या खोडाला हात लावला की मुलं आपोआप गप्प होतात.

शिवडी, शिक्षिका

थंडीत शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. आमच्या शाळेतली मुलं जेट्टीपासून दहा मिनिटांवर राहतात, तरी निम्म्यांनी पक्षी पाहिले नव्हते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जायचं असतं. चिखल उघडा असतो तेव्हा ते चरायला पसरतात, पाणी चढू लागलं की जवळ येतात. ते कोष्टक आम्हाला एका मुलीच्या आजीने तोंडपाठ सांगितलं, कोळीणच ती. आता वर्गाच्या भिंतीवर भरतीच्या वेळा मुलंच लिहितात. खर्च शून्य, फक्त दुर्बीण उसनी आणावी लागते.

मुलुंड, वय ३१, व्हीलचेअर वापरतो

तुम्ही सगळे आत गेल्यानंतरचं लिहिताय, मी दारापासून लिहितो. घराजवळच्या एका बागेला बाइक शिरू नये म्हणून वळणाचं लोखंडी फाटक बसवलं. त्यातून माझी खुर्ची जात नाही. शेजारचं मोठं फाटक कुलूपबंद. दोन हिवाळे मी बाहेरून आई-बाबांना चकरा मारताना बघितलं. नवीन रखवालदार आले, त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "दादा, आत का येत नाही?" मी फाटक दाखवलं. त्यांनी किल्ली काढली. तेव्हापासून सकाळी सव्वासहाला ते मोठं फाटक उघडून उभे असतात. त्यांची सुट्टी मंगळवारी, तेव्हा मी जात नाही.

माहीमहून, पुन्हा मी

रात्री फोनवर भाचीला सगळं वाचून दाखवलं. राजाच्या अंगरख्याशी ती गप्प झाली. मुलुंडच्या दादांचं ऐकून म्हणाली, "मग मंगळवारची किल्ली दुसऱ्या कोणाकडे ठेवायला सांग ना." दादा, मी येत्या शनिवारी मुलुंडला येतेय. सोसायटीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज मी लिहून आणते, सोबत जाऊन देऊ.

तिने मल्लखांब निवडलाय. दादरच्या ताईंना विचारायला सांगितलंय: अंगठा किती दिवस दुखतो?

दादर, दोन मुलींची आई

चार दिवस. पाचव्या दिवसापासून कातडी घट्ट होते. चिकटपट्टीचा रोल मी घेऊन येईन. पहिल्या दिवशी पावणेसहाला कट्ट्यापाशी भेटा, मी दोरीखाली उभी राहते.